वामनच्या वाटची पोळी

काट्यावर सतरा किलो दोनशे ग्रॅम आले तेव्हा डॉक्टर मंजुषांनी वामनला खाली उतरवून पुन्हा एकदा वर ठेवलं. आकडा बदलला नाही.

"तेरा हवेत," त्या म्हणाल्या. "फार तर साडेतेरा. काय देता याला?"

मोरोपंतांनी खिशातून कागद काढला. अमरावतीच्या कोर्टात एकेचाळीस वर्षं दिवाणी दावे चालवलेला हा माणूस निवृत्तीनंतरही तोंडी काही सांगत नसे. सकाळी इतकं, संध्याकाळी इतकं, आठवड्याला दोन उकडलेली अंडी, गाजर किंवा दुधी, मीठ नाही, साखर नाही. खाली तारीख आणि सही.

"हे खाऊन सतरा किलो होत नाहीत, काका."

"आमच्या घरात हेच दिलं जातं."

डॉक्टरांनी तोच कागद उलटा केला आणि त्यावर एक लांब आडवी रेघ ओढली. खाली चार आखूड रेघा काढल्या. "ही पाठ, हे पाय. वेल्सच्या डोंगराळ मुलखात गुरं हाकायला कुत्र्यांची ही जात पाळली गेली. गुराच्या मागून पळायचं, टाचेला हलकासा दात लावायचा आणि लाथ आली की जमिनीला चिकटायचं. बुटकेपणा हे याचं हत्यार आहे. पण पाठ लांब, आणि तिच्यावर चार किलोंचं ओझं जास्त. मणक्यांमधली एखादी गादी सरकली की मागचे पाय गेले. जिना बंद. सोफ्यावरून उडी बंद. मार्च संपायच्या आत हे चार किलो उतरवा. पुढे या दुहेरी केसांत उन्हाचा तो चालणार नाही आणि वजनही हलणार नाही."

"आणि पाय गेलेच तर?"

"तर त्याला उचलून फिरवावं लागेल. अजून आठ-दहा वर्षं जगेल तो. तुमचं वय काय?"

"अडुसष्ट," मोरोपंत म्हणाले. वामन काट्यावर बसून दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. कोल्ह्यासारखं तोंड, ताठ कान, छातीवर पांढरा पट्टा, आणि शेपटीच्या जागी नुसता केसांचा झुबका. त्याच्या चेहऱ्यावर कायम एक हसू असे. ते हसू खरं आहे की जबड्याच्या ठेवणीमुळे दिसतं, यावर मोरोपंतांनी अजून निकाल दिला नव्हता.

वामन मूळ जुईलीचा, म्हणजे मोरोपंतांच्या मुलीचा. तिने पुण्यात घेतला, वर्षभर सांभाळला, आणि कॅनडाची नोकरी लागल्यावर राजापेठेत आईवडिलांकडे आणून ठेवला. तिने दिलेलं इंग्रजी नाव मोरोपंतांनी आठ दिवसांत बदललं. त्यानंतरची दोन वर्षं त्यांच्या दिवसाला वामनमुळेच आकार होता. सूर्य उगवण्याआधी फेरी, कारण डांबर तापलं की रस्त्यापासून वीतभर अंतरावरचं याचं पोट भाजायचं. आठवड्यातून तीनदा केस विंचरणं. वर्षातून दोनदा तो केस टाकायचा, तेव्हा घरात वरणावरसुद्धा एखादा तरंगायचा.

घर पहिल्या मजल्यावर. खाली शिकवणीचे वर्ग भाड्याने दिलेले. मधे एकोणीस पायऱ्या. डॉक्टरांकडून आल्या दिवसापासून मोरोपंत त्याला एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली घालून उचलून ने-आण करू लागले. दहाव्या पायरीवर ते थांबत. वामनही थांबल्यासारखा श्वास रोखून धरी.

महिन्याने वजन केलं. सतरा पाचशे.

"तू काहीतरी देतेस," मोरोपंत पत्नीला म्हणाले.

"मी?" चारुशीलाबाई संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका, वर्गात कॉपी पकडल्यासारखं बघत. "आणि तुम्ही ताटाशेजारी चित्राहुती घालता, ती शितं जमिनीवरून कोण चाटतं?"

"पाच शितं असतात ती!"

"दोन्ही वेळची दहा. लिहा तुमच्या कागदावर."

मोरोपंतांनी खरोखरच लिहिलं. पण दहा शितांनी तीनशे ग्रॅम वाढत नाहीत, हे त्यांना कळत होतं. घराबाहेर शोध घ्यायला हवा होता.

रोज साडेअकराला ते वामनला खाली आणून अंगणात सोडत आणि स्वतः आंघोळीला वर जात. फाटक अर्धवट उघडं असे. तासाभराने खाली आले की वामन पायरीशी बसलेला सापडे. मधल्या तासात तो काय करतो, हा प्रश्न त्यांना आजवर पडला नव्हता. त्या दिवशी आंघोळ राहू देऊन ते छत्री घेऊन समोरच्या बाजूने गल्लीत उभे राहिले.

वामन फाटकातून निघाला. घाई नव्हती. पहिल्या दाराशी बसला. माणिकबाई बाहेर आल्या, तूप लावलेली घडीची पोळी त्याच्यापुढे धरली. त्याने ती खाल्ली, क्षणभर मान खाली घातली आणि पुढच्या दाराशी गेला. तिथे सुभद्राबाई. मग तिसरं दार, चौथं. प्रत्येक दाराशी तो असा बसे की सकाळपासून पोटात काही नाही. सात दारं झाल्यावर तो परतीला लागला. पोट रस्त्याला जवळजवळ टेकलं होतं.

मोरोपंत माणिकबाईंकडे गेले.

"काहून जी वकीलसाहेब, उन्हात उभे? काई हरवलं का?"

"वामनला तुम्ही पोळी देता?"

"शेवटची पोळी कुत्र्याचीच असते नं. माया सासूनं लावलेली सवय हाय, ते काय मोडू? आंधी ते काळी कुत्री यायची, अंगावर धावे. याचं बरं हाय, बापा. मुकाट येते, बसते, हळदीकुंकाले आल्यावानी."

"आणखी कोणी देतं का त्याला?"

"कोन देते? मी एकलीच त हावो. म्हनून त रोज येते लेकरू."

सुभद्राबाईंनी दार पुढे ओढून घेत सांगितलं, "काका, कोणाजवळ बोलू नका हं. ह्यांना साडेसाती चालू आहे. शनिवारी मी जरा तूप जास्त लावते. बाकी गल्लीत कोणाला एवढं सुचत नाही."

मोरोपंतांनी पुढची पाच दारं वाजवली नाहीत. एकीला सांगावं तर दुसरीचं नाव निघणार, आणि पुण्याचा भाग कमी पडला म्हणून भांडण लागणार. शिवाय शेवटची पोळी देऊ नका, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांच्या आजोबांनी गावोगाव हेच सांगत पौरोहित्य केलं होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. चारुशीलाबाईंनी ऐकून घेतलं आणि मग गॅसकडे पाहत म्हणाल्या, "आठ."

"काय आठ?"

"आपलीपण असते ना एक."

"तू म्हणालीस तू काही देत नाहीस!"

"मी वामनला देत नाही. शेवटची पोळी कुत्र्याची असते, ती कुत्र्याला देते. ती त्याच्या जेवणात कशी धरायची?"

मोरोपंत खुर्चीवर बसले. चार दशकांत असा युक्तिवाद त्यांनी ऐकला नव्हता.

फाटक लावून पाहिलं. साडेअकराला वामन फाटकाशी बसून भुंकायला लागला. त्याचा आवाज त्याच्या उंचीच्या मानाने फार मोठा. दहा मिनिटांत माणिकबाई पोळी घेऊन फाटकाशी आल्या. "कोंडून काहून ठेवलं जी? उपाशी हाय का?"

जानेवारीत नत्थुजी तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आले. दर्यापूरच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. त्यांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा मोरोपंतांनी एकोणीस वर्षं चालवून जिंकला होता, आणि तेव्हापासून दर हंगामाला शेंगा येत. त्यांनी वामनची हकिकत ऐकली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"याची शेपटी कोनं तोडली?"

"जन्मतःच नाही."

"मंग ठीक. साहेब, माया घरी घेऊन चाला. पायरी नाई, जिना नाई. आमच्याकडची भुई ताटासारखी सपाट हाय. तेवीस बकऱ्या हायेत, याच्या जातीचं काम हाय. आन् जमुना कोनाले फुकट खाऊ देत नाई. मले बी नाई."

"आठ दिवस जाऊन येतो," मोरोपंत म्हणाले.

"दोघंही बारीक होऊन या," चारुशीलाबाई म्हणाल्या.

दर्यापूरच्या स्टँडवरून पुढे जीपमध्ये दहा माणसं होती. वामन मोरोपंतांच्या मांडीवर. शेजारच्या म्हाताऱ्याने बराच वेळ पाहून विचारलं, "कोल्ह्याचं पिल्लू हाय काय जी?"

"कुत्रा आहे."

"वाढल अजून?"

"नाही. वाढून झालाय."

म्हाताऱ्याला वाईट वाटलं. उतरेपर्यंत तो वामनच्या पायांकडे बघत होता.

नत्थुजींच्या गावाला सकाळ पांढरी होऊन यायची. पूर्णेच्या खोऱ्यातलं धुकं जमिनीपासून कमरेइतकंच वर उठे, त्यात झाडांचे शेंडे आणि माणसांची अर्धी अंगं तरंगत. दगड नावाला नव्हता. काळी जमीन जिथवर जायची तिथवर सपाट जायची आणि मग आभाळ सुरू व्हायचं. नत्थुजींच्या बायकोने, जमुनाबाईंनी, पहिल्याच दिवशी मोरोपंतांचा कागद ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "सकाऊन अर्धी भाकर, संध्याकाई अर्धी. मंधात मले डोये दाखवाचे नाई." वामनने डोळे दाखवले. त्या चुलीकडे वळल्या. विषय संपला.

कापसाची शेवटची वेचणी झाली होती. उभ्या पऱ्हाटीत, कापसाच्या वाळत्या झाडांत, बकऱ्या सोडायचे दिवस. नत्थुजींनी वामनला शेतात नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. वामनने आयुष्यात बकरी पाहिली नव्हती. स्कूटरच्या मागच्या चाकावर भुंकण्यापलीकडे त्याने काही हाकललं नव्हतं. तो बसला. बकऱ्यांनीही त्याच्याकडे पाहिलं आणि चरायला लागल्या. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी एक काळी बकरी धुरा ओलांडून शेजारच्या हरभऱ्याकडे निघाली. वामन उठला. कोणी काही म्हणालं नव्हतं. तो पळत तिच्या मागे गेला आणि तिच्या टाचेजवळ तोंड नेलं. बकरीने लाथ झाडली. त्याच क्षणी वामन जमिनीला चिकटला, अगदी चपटा, आणि लाथ त्याच्या कानांच्या वरून हवेत गेली. तो पुन्हा उठला. बकरी परत फिरली.

मोरोपंत शेताच्या कडेला टाकलेल्या बाजेवर उठून बसले. हे त्याला कोणी शिकवलं होतं? जुईलीने नाही, त्यांनी तर नाहीच. सोफा, पंखा, तूप लावलेली पोळी यांच्या खाली ही गोष्ट तीन वर्षं झोपून राहिली होती.

त्यानंतर दिवस मोजायचे राहून गेले. पऱ्हाटी कमरेइतकी उंच, वामन गुडघ्याइतकाही नाही. तो आत शिरला की दिसेनासा व्हायचा. लांबून दिसायच्या फक्त बकऱ्यांच्या पाठी, आणि त्या पाठी हळूहळू एकमेकींजवळ सरकत. मागे कोणी नाही, काठी नाही, हाक नाही. वारा आल्यासारखा कळप इकडून दाट व्हायचा, तिकडून सैल व्हायचा, मग संथपणे वळायचा. बोंडांत राहून गेलेला थोडा कापूस उन्हात चमकत असे. रस्त्याने जाणारे लोक सायकल थांबवून बघत. "नत्थुजी, तुमच्या बकऱ्या आपल्या आपुनच घरी जातेत का?"

"शिकवल्या हायेत," नत्थुजी गंभीर चेहऱ्याने सांगत. "वकील ठेवला हाय त्याइच्यासाठी."

एका दुपारी मोरोपंतांना बाजेवर डोळा लागला. झोपेत ते कोर्टात होते, पण कोर्टाला भिंती नव्हत्या. पक्षकार, कारकून, साक्षीदार, काळे कोट घातलेले जुने सहकारी, त्यातले काही आता हयात नसलेले, सगळे एकाच दिशेने सावकाश चालत येत होते. कोणी बोलत नव्हतं. कोणाला कसली तारीख नको होती. ते जवळजवळ आले, अंगाला अंग लागलं, आणि एकाचा ऊबदार श्वास मोरोपंतांच्या हातावर आला. त्यांनी डोळे उघडले. बाजेच्या चारी बाजूंनी बकऱ्या उभ्या होत्या, तेवीसच्या तेवीस, दाटीने, आणि शांतपणे रवंथ करत होत्या. एक त्यांचा हात हुंगत होती. वामन दहा हातांवर पोट जमिनीला लावून पडला होता, मागचे दोन्ही पाय बेडकासारखे मागे पसरलेले, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवून होता. त्याच्या लेखी कळप चोवीसचा होता.

मोरोपंत उठले नाहीत. उठून कुठे जायचं, हे त्यांना सुचेना.

आठ दिवसांचे सहा आठवडे झाले. वामनला फडक्यात बांधून कापूस मोजायच्या लटकत्या काट्याला टांगलं. तो हवेत हळूहळू फिरत राहिला, चेहऱ्यावर तेच हसू. तेरा किलो आठशे. जमुनाबाईंनी त्याची झडलेली लोकर टोपलीभर गोळा केली होती. "उशी भरीन याची," त्या म्हणाल्या. "हे इथंच ठेवा, साहेब. मले आवडते."

मोरोपंतांच्याही मनात तेच होतं. तसं ते बोलणार होते. पण मार्च लागला आणि जमीन उकलायला लागली. त्या भागातली काळी भुई पावसाळ्यात जितकी फुगते तितकी उन्हाळ्यात फाटते. आधी केसासारख्या रेघा, मग बोट जाईल एवढ्या, मग मूठ. एका सकाळी नत्थुजींनी खाली बसून एका भेगेत कोपरापर्यंत हात घातला. त्याच दिवशी दुपारी पळता पळता वामनचा पुढचा पाय भेगेत गेला. तो कोलमडला, पाठ वाकडी झाली, आणि क्षणभर उठलाच नाही.

मोरोपंत धावले. अडुसष्ट वर्षांचा माणूस पऱ्हाटीतून धोतर फाडत धावला. ते पोचेपर्यंत वामन उभा राहिला होता. तीन पाय ठीक, चौथा जरा उचललेला. त्यांनी त्याच्या पाठीवरून मणका मणका बोट फिरवलं. त्याने कुठेही अंग चोरलं नाही.

"बकरीचा पाय मोडते या भुईत," नत्थुजी म्हणाले. "याचे त बोटभर पाय हायेत. घेऊन जा, साहेब. पानी पडून भुई भरली की आना."

पाय दोन दिवसांत बरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. जीपमध्ये मोरोपंत एकाच गोष्टीचा विचार करत होते. दगड नसलेली भूमी मागे राहिली, आणि पुढे आठ पोळ्या होत्या. आठ पोळ्या रोज, म्हणजे जूनपर्यंत पुन्हा सतरा किलो. बोलावं लागणार. सात घरी जाऊन, सात वेळा. त्यांनी मनात मुद्दे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. कुठलाच टिकत नव्हता.

राजापेठेत पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी वामनला खाली ठेवलं. तो आल्याची बातमी आधीच पोचली असावी. माणिकबाई दारात उभ्या होत्या, उजवा हात पदराखाली. पुढच्या दारात सुभद्राबाई, हातात रुमाल झाकलेली ताटली. त्यापुढेही दारं उघडत होती. प्रत्येकीचं लक्ष वामनकडे होतं, त्यामुळे कोणी दुसरीकडे बघत नव्हतं.

"आलं गं लेकरू! वाळून काडी झालं!" माणिकबाई ओरडल्या. "ये, बस."

वामन बसला नाही. तो त्यांच्या दारापर्यंत गेला, त्यांना वळसा घातला आणि मागून टाचेजवळ नाक नेलं.

"अवं माय!" माणिकबाई एक पाऊल पुढे आल्या. नाक पुन्हा लागलं. आणखी एक पाऊल. पायरी उतरून त्या रस्त्यावर आल्या. त्यांना तिथे सोडून तो सुभद्राबाईंच्या मागे गेला. "काका, चावतोय का हा?" त्या विचारत होत्या आणि चालत होत्या. तिसरीला त्याने आणलं, चौथीला आणलं. पाचवी घरात परत जाऊ लागली तर तो पुढून आडवा झाला. तो पळत नव्हता, भुंकत नव्हता. लांब वळणं घेत होता, संथ, ऊन पडलेल्या गल्लीत या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि प्रत्येक वळणाला बायकांचा घोळका थोडा दाट होत होता. शिकवणीतून सुटलेल्या मुली सायकली धरून उभ्या राहिल्या.

शेवटी तो मोरोपंतांच्या फाटकाशी गेला. चारुशीलाबाई खाली आल्या होत्या. त्यांच्याही हातात घडीची पोळी होती. त्यांना त्याने जरा अदबीने आणलं, पण आणलं.

कडुनिंबाच्या सावलीत आठ बायका खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. आठही हात पदराबाहेर आले होते.

माणिकबाईंची नजर शेजारच्या ताटलीवर गेली.

"सुभद्राताई," माणिकबाई म्हणाल्या, "तुमच्या ताटलीत काय हाय?"

"तुमच्या हातात आहे तेच."

"म्हंजे रोज?"

"रोज. शनिवारी तूप जास्त."

माणिकबाईंनी एकेका हाताकडे बघितलं, बोटांवर मोजलं आणि वामनकडे पाहिलं. "आठ! अवं, आपन त मारूनच टाकलं असतं याले." आणि त्यांना हसू फुटलं. मग सगळ्याच हसल्या.

तेव्हा चारुशीलाबाईंनी, वर्गात फळ्यावर लिहून दाखवताना लागतो तशा आवाजात, वजन सांगितलं, पाठ सांगितली, मागचे पाय सांगितले. मोरोपंतांनी जीपमध्ये मांडलेले सगळे मुद्दे चार वाक्यांत संपले.

"मंग रोज एकीची," माणिकबाईंनी ठरवलं. "ते बी बिनतुपाची. बाकीच्याइची गाईले."

"शनिवार माझा," सुभद्राबाई लगेच म्हणाल्या.

"काहून? शनि तुमच्याच घरी बसला का?"

"आमच्या ह्यांना साडेसाती आहे!"

"आमच्या मालकाले का गोडीगुलाबी हाय?"

"दिवस सात आणि आपण आठ," मागून कोणीतरी म्हणालं.

"मी सोडते," चारुशीलाबाई म्हणाल्या. "आमची शेवटची पोळी आता ह्यांना. दर्यापूरला जाऊन हेपण वाळलेत."

यावर जो हशा झाला त्यात मोरोपंतही सामील झाले. शनिवारचा वाद मात्र मिटला नाही. गल्लीत दोन स्कूटर आणि एक रिक्षा येऊन थांबल्या होत्या. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवायला हात नेला, समोर रस्त्याच्या मधोमध पसरलेला तो लांब, बुटका, तांबूस प्राणी पाहिला, आणि हात मागे घेतला. वामन पोटावर पडून होता, मागचे पाय मागे ताणलेले, डोळे अर्धे मिटलेले. घोळक्यातली एक बाई घराकडे वळली तसा त्याने एक कान फिरवला. ती थांबली आणि परत येऊन भांडू लागली.